नवव्या वहीतला खाडा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पुण्याच्या मित्रांना नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. इथं लिहितोय, कारण या सदरात लोक आपापल्या घरातलं, शेतातलं लिहितात आणि कोणी कोणाला वेड्यात काढत नाही, असं बरीच वर्षं वाचत आलोय.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वय सत्तेचाळीस. लहानपणी स्मशानाच्या बाजूने सायकलवर शाळेत जायचो, कधी काही दिसलं नाही. पुढे धंदाही आकड्यांचाच निघाला. आकडा कुठून तरी येतो, कुठे तरी साठतो, मागितला की मिळतो... यात भुताला शिरायला जागाच नसते. त्यामुळे पैंजणांचा आवाज वगैरे वाचायला मिळेल अशी आशा ठेवू नका. इथे फक्त एक फाइल आहे. ती अजूनही माझ्याकडे आहे.

पुण्यात मी बारा वर्षं एका कंपनीत होतो. ट्रेडिंग करणारे लोक स्क्रीनवर जे चार्ट बघतात ना, त्यांना मागचा डेटा पुरवायचं आमचं काम. मग वडील आजारी पडले आणि मी बुलढाणा जिल्ह्यात, चिखलीला परत आलो. बसस्टँडसमोर छोटं ऑफिस टाकलं. शेअर आणि वायदे करणाऱ्यांना सॉफ्टवेअर बसवून द्यायचं, अडलं तर बघायचं.

हे सॉफ्टवेअर मागचे भाव कुठून आणतं, ते सोप्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. चार्ट उघडला की सॉफ्टवेअर आधी घरातला डबा बघतं, म्हणजे तुमच्याच कॉम्प्युटरवरची फाइल. डब्यात जे दिवस असतील ते दाखवतं. नसतील तेवढ्यांसाठी दुकानात जातं, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरला विचारतं, आणि आणलेलं डब्यात भरून ठेवतं. डब्यात प्रत्येक दिवसाला ठरलेली, सारखीच जागा. म्हणून फाइलचा आकार बघून आत किती दिवस आहेत ते बोटांवर सांगता येतं. डब्यात नाही आणि दुकानातही नाही, तर तो दिवस चार्टवर येऊच शकत नाही. हे लक्षात ठेवा.

माझ्या डोक्यात एक कल्पना आली. सोन्याचा चार्ट आहे, कच्च्या तेलाचा आहे, मग आपल्या बाजार समितीच्या यार्डातल्या सोयाबीनचा का नको? अडत मार्केटमध्ये मोठा स्क्रीन लावायचा, शेतकऱ्याने यावं, मागच्या दहा-बारा वर्षांचे भाव बघावेत. पण एवढा जुना, रोजचा भाव आणायचा कुठून? ऑनलाइन जे मिळालं ते तुटक, मधले महिनेच्या महिने गायब.

तेव्हा इंगळे सर आठवले.

इंगळे सरांनी मला सातवीला गणित शिकवलं. रिटायर झाल्यावर ते रोज दुपारी यार्डात जाऊन हर्रासाच्या, म्हणजे लिलावाच्या, कडेला उभे राहायचे. विकायला काही नसायचं. कमी भाव, जास्त भाव, आणि संध्याकाळी गेटवर मोजलेली आवक, एवढं टिपायचं. चौदा वर्षांच्या चौदा वह्या. यार्डात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, आणि कुठे वाद झाला की “मास्तरच्या वहीत पाहा” म्हटलं की तो मिटायचा. त्यांच्या वहीला सातबाऱ्याची किंमत होती.

मी वह्या मागितल्या. सरांनी दोन पिशव्यांत बांधून दिल्या.

“संज्या, जपून वापरजो. भाव माये हायेत, पन पहिल्या नऊ वह्यांतलं अक्षर तिचं हाय.”

तिचं म्हणजे सरांच्या बायकोचं, सुमनकाकूंचं. सर घरी येऊन भाव सांगायचे, काकू लिहून घ्यायच्या. कमी, जास्त, आवक. काकूंना गेल्याला पाच-सहा वर्षं झाली होती.

वह्या भरायला मला दोन महिने लागले. काकूंचं अक्षर बारीक, सरळ. आवक त्या पोत्यात लिहायच्या, इतकी पोती. मी भरताना, पोत्याला साठ किलो धरून, क्विंटल करून घ्यायचो. नवव्या वहीच्या मध्यावर अक्षर एकदम बदलतं, मोठं आणि तिरकं होतं, आणि तिथून आवक क्विंटलमध्ये. तिथून पुढे सरांनी स्वतः लिहिलंय.

आणि जिथे अक्षर बदलतं, तिथे मध्ये बारा दिवस नाहीतच. एक मोठा कंस आणि त्याच्यासमोर सरांच्या अक्षरात एकच शब्द — खाडा.

काकूंना त्या बारा दिवसांत बुलढाण्याला दवाखान्यात ठेवलं होतं आणि बाराव्या दिवशी त्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी सर यार्डात उभे होते. सुतकात यार्डात गेला म्हणून लोकांनी नावं ठेवली, हे मला नंतर कळलं. चौदा वर्षांत खाडा तेवढाच.

आता माझी गोष्ट. मी बॅनर छापून घेतला होता — ‘चौदा वर्षं, एकही दिवस गहाळ नाही.’ आणि मी बसवून देतो त्याच सॉफ्टवेअरमध्ये गहाळ दिवसाखाली लाल ठिपका यायचा. उद्या उद्घाटन, आणि ओळीने लाल ठिपके. कुठल्याही अडत्याकडे जाऊन त्या दिवसांच्या जुन्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, मागितल्या असत्या तर दोन तासांत काम झालं असतं. मी गेलो नाही. अलीकडचा भाव, पलीकडचा भाव, मधले दिवस मनाने भरले. पंचवीस वर, पन्नास खाली. आवकही मनानेच. कोणाला कळणार होतं...

एरवी सुट्टीच्या तारखेसमोर वहीत ‘बंद’ लिहिलेलं असायचं, तसंच मी भरायचो आणि ठिपका यायचा नाही; या बारा दिवसांत तेही नव्हतं, म्हणून कोणते दिवस भरायचे, ते सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरवरून ठरवलं. पण ते कॅलेंडर शेअर बाजाराचं. त्यात शनिवार बंद, आपलं यार्ड चालू, म्हणून शनिवार मी हाताने चालू केला. त्यात पोळ्याची सुट्टी नाही, म्हणून पोळा हाताने काढला. स्वतःवर खूश झालो. बारांतला रविवार आणि पोळा गेला, दहा दिवस भरले.

कर विसरलो.

बाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे कर म्हणतात. करीला कोणी माल आणत नाही, हर्रास होत नाही, यार्डात चिटपाखरू नसतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण पुण्यात बारा वर्षं काढली की माणसाला पोळा लक्षात राहतो, कर राहत नाही.

उद्घाटनाला पन्नास-साठ माणसं जमली. सरांना मी मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसवलं, शाल दिली. रमेशशेठ म्हणून एक मोठे अडते आहेत, जिभेला हाड नाही. ते स्क्रीनपाशी आले.

“अबे, त्या सालचा पोळा दाखव. त्या पोळ्याले मायी पोरगी झाली.”

त्यांनी सांगितलेलं साल नेमकं नवव्या वहीचं निघालं. मी दाखवला. पोळ्याचा दिवस रिकामा. शेजारी दुसऱ्या दिवसाचा खांब उभा, खाली कमी-जास्त भाव, आवक, सगळं.

“ही तं कर हाय,” रमेशशेठ म्हणाले. “करीले म्या पेढे वाटाले यार्डात आलतो, तं पेढा खायाले कुत्रं नव्हतं. अन् हर्रास कोनं केला बे? बैलाइनं?”

लोक हसले. मग ते सरांकडे वळले.

“मास्तर, घरी बसून भाव लिवत होते काय तुमी?”

सर उठून स्क्रीनजवळ आले, चष्मा वर करून बघितलं. आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “संज्या, वहीत कसं हाय?”

वह्या माझ्या ऑफिसात, पाच मिनिटांच्या अंतरावर होत्या. मी म्हणालो, “सर, वहीत जसं होतं तसंच भरलं.”

एवढंच बोललो. हेच ते वाक्य.

 मला वाटलं होतं सर भांडतील. ते म्हणाले, “असंन. त्या दिवसात म्या काय लिवलं, मले याद नाई.” शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि निघून गेले.

त्या दिवसानंतर ते यार्डात आले नाहीत. पंधरावी वही झाली नाही. ‘करीचा भाव’ हा यार्डात शब्दच होऊन बसला; कोणी थाप मारली की म्हणायचे, “करीचा भाव सांगून राह्यला का?” स्क्रीन दोन महिन्यांत बंद पडला. मी तेरा वह्या एका ओळखीच्या माणसाच्या हातून परत पाठवल्या. नववी ठेवून घेतली. सरांनी ती कधी मागितली नाही. मला वाटतं, त्यांना ती बघायचीच नव्हती.

याला दोन वर्षं होऊन गेली. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी ऑफिसात काम नव्हतं. मनात आलं, लोकांसमोर बोलायची हिंमत नाही तर नाही, निदान फाइल तरी खरी करून ठेवू. मी भरलेले दहा दिवस काढून टाकले. फाइलचा आकार बघितला, बरोबर दहा दिवसांनी कमी झालेला. सॉफ्टवेअर बंद करून परत चालू केलं, चार्ट उघडला.

खाड्याच्या जागी नऊ खांब उभे होते.

वाटलं, काढताना चुकलो. परत बघितलं. फाइलमध्ये ते दिवस नाहीत, चार्टवर आहेत. आणि आकडे माझे नव्हते. माझे सगळे पंचवीस-पन्नासात संपणारे, इथे पाचात, पंधरात, पस्तीसात संपत होते. वेगळेच.

खरं सांगतो, भीती वाटली नाही. गंमत वाटली. बारा वर्षं लोकांना ‘हा भाव कुठून आला’ याचं उत्तर दिलंय मी. बसलो शोधायला. आधी वाटलं मेमरीत जुनं काही राहिलं असेल, म्हणून कॉम्प्युटर बंद करून चालू केला. खांब तसेच. इंटरनेटची वायर काढली. तसेच. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन घरच्या लॅपटॉपवर टाकली, ज्याच्यावर हे सॉफ्टवेअर आधी कधी नव्हतंच. तिथेही नऊ. मग मुद्दाम माझे खोटे आकडे परत भरून पाहिले. भरताना घेतले, पण चार्ट परत उघडला की पुन्हा तेच पाच-पंधरा-पस्तीसवाले.

पुण्याच्या नितीनला फोन लावला. आम्ही एकाच टेबलावर काम केलंय, त्याच्याइतकं हे सॉफ्टवेअर कोणाला कळत नाही. माझी लबाडी सोडून बाकी सगळं सांगितलं.

“सर्व्हरवरून येत असेल रे.”

“ही माझी फाइल आहे. हिला सर्व्हरच नाही. नुसता डबा आहे, दुकान नाही.”

“मग डब्यात असणार.”

“डब्याचा आकार तेवढा नाही.”

तो म्हणाला, “संजय, सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने भाव तयार करत नाही. ते माणसं करतात.”

त्याने सहज म्हटलं. मी फोन ठेवला.

आणखी दोन गोष्टी खटकत होत्या. एक म्हणजे मी दहा दिवस भरले होते आणि इथे नऊच होते. दहावा कोणता ते बघितलं. कर. करीच्या जागी रिकामं होतं, आणि लाल ठिपकाही नव्हता. ज्याने कोणी हे भरलं, त्याला कर ठाऊक होती.

दुसरी गोष्ट आवकेची. भावाच्या खाली आवकेचे छोटे खांब असतात. या दिवसांचे खांब शेजारच्यांपेक्षा फारच उंच. पोळ्याच्या तोंडावर एवढा माल येईलच कसा? दोन दिवस त्या उंचीकडे बघत होतो. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता डोक्यात आलं, आणि कॅलक्युलेटर घेऊन बसलो. आकडे पोत्यांचे धरून त्यांचे क्विंटल केले. खांब शेजारच्यांच्या बरोबरीला आले.

आवक पोत्यात होती. माझ्या फाइलमध्ये चौदा वर्षांत एकही आकडा पोत्यात नाही, सगळे मी क्विंटल करून भरलेत. पोत्यात फक्त वहीत होते, आणि वहीत ते दिवस नाहीत.

नऊ म्हणालो, पण आवकेचे खांब आठच होते. शेवटच्या दिवसाला कमी भाव होता, जास्त भाव होता, आवकेची जागा कोरी.

भाव खरे आहेत का, ते बघायला रमेशशेठच्या अडतीवर गेलो. दोन वर्षांपूर्वी जायला हवं होतं, ते आता गेलो. त्या सालच्या पट्ट्यांचे गठ्ठे बघू द्या म्हटलं.

“काऊन? आता तू बी मास्तर होऊन राह्यला का?”

“थोडं काम आहे, शेठ.”

“पाहून घे. पन करीची पट्टी सापडली तं मले दाखवजो, फ्रेम करून लावतो.”

गठ्ठ्यांवर बसून पट्ट्या काढल्या. नऊही दिवसांच्या सापडल्या. प्रत्येक पट्टीचा भाव त्या दिवसाच्या कमी आणि जास्त भावाच्या आत बसत होता. सहा दिवस तर सगळ्यांत वरची पट्टी आणि चार्टवरचा जास्त भाव यांत पाच रुपयांचाही फरक नव्हता. रमेशशेठचा मुनीम विचारत होता, “सापडलं का?” मी गठ्ठे परत बांधून ठेवले.

मग लॅपटॉप घेऊन सरांच्या घरी गेलो. दोन वर्षांनी. अकरा-साडेअकराचा सुमार. सर ओट्यावर बसून मेथी निवडत होते. हल्ली एकटेच करून खातात.

“ये. बस. काय आनलं?”

“चार्ट आहे, सर. तुमच्या वह्यांचा. थोडं विचित्र दिसतंय म्हणून...”

खाड्याचे दिवस मोठे करून त्यांच्यासमोर धरले. त्यांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं. गणिताची वही तपासताना बघायचे तसं, बोट ठेवून.

“हे आवकेचे खांब काऊन एवढे उंच?”

“पोत्यात आहेत, सर.”

“म्या पोत्यात नाई लिवत.”

“माहीत आहे.”

त्यांचं बोट सरकत सरकत शेवटच्या दिवसावर आलं आणि थांबलं.

“इथं आवक नाई.”

“नाही.”

“ती चार वाजता गेली,” सर म्हणाले. “हर्रास दोनले आटोपते. आवक पाचले लागते.”

 रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. सरांनी पुढ्यातली मेथी उगाच एकसारखी केली. रडले वगैरे नाहीत. त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला मी तरी नवल म्हणेन. अवघड गणित एखाद्या मुलाने भलत्याच रीतीने, पण बरोबर सोडवलं की ते असेच बघायचे.

मग बोट मागे गेलं. करीवर.

“कर रिकामी हाय.”

“हो, सर.”

“अन् तवा तं तू म्हनला, वहीत करीचा भाव होता.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. आवाज चढलेला नव्हता. यार्डातली पन्नास-साठ माणसं इथे नव्हती, रमेशशेठ नव्हते. ओट्यावर आम्ही दोघं आणि मेथी. यापेक्षा सोपी जागा मला कोण देणार होतं?

मी म्हणालो, “सॉफ्टवेअरचं काही तरी झालं असेल, सर.”

“असंन,” सर म्हणाले. तेच, त्या दिवशीचं.

निघताना त्यांनी निवडलेल्यातली मेथी कागदात बांधून दिली. मी ती घेतली. घरी बायकोने विचारलं कोणी दिली, तर बाजारातून आणली म्हणालो.

तिथून येऊन आता महिने झाले. फाइल रोज उघडून बघतो. नऊ खांब आहेत, कर रिकामी आहे, शेवटच्या दिवसाला आवक नाही. नितीनला मी फाइल पाठवली. त्याच्याकडेही तसंच दिसतं. तो म्हणतो, बघून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. कोणाला यातलं कळत असेल तर विचारा, हवे ते तपशील देतो. मला स्वतःला काहीच उलगडलेलं नाही. काकू भाव ऐकून लिहायच्या. त्या बारा दिवसांत सर दवाखान्यात त्यांच्याच उशाशी होते, यार्डात कोणीच गेलेलं नव्हतं. मग त्यांना भाव सांगितला कोणी?

पण एक उलगडलंय, आणि त्याला भूत लागत नाही. खाडा म्हणजे गेलो नाही, पाहिलं नाही, म्हणून लिहिलं नाही. सरांनी तो एक शब्द लिहून आपलं खरेपण राखलं होतं. मी तो खोडला.

इंगळे सरांचं मी दोन गोष्टींचं देणं लागतो. एक, नववी वही. ती माझ्या ऑफिसच्या कपाटात खालच्या खणात आहे. दुसरं, एक वाक्य — करीचा भाव मास्तरांनी नाही, मी लिहिला. हे वाक्य यार्डात, हर्रासाच्या वेळी, रमेशशेठ आणि सगळ्यांसमोर, सरांना तिथे नेऊन, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलायचं आहे. अजून बोललेलो नाही.